मौजेची मजुरी

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक 1971 सालची एमजीबी : दोनच माणसांची, कापडी टपाची, गर्द हिरवी इंग्लिश रोडस्टर. दुसरी 2021 ची फोर्ड एफ-150 : चार दारं, मागे उघडा हौदा आणि पुढे साखर कारखान्याच्या फाटकाएवढी जाळी. पहिली नवऱ्याची, दुसरी माझी. डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या मराठी मंडळींना या वाटपात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. नवे पाहुणे आले की ट्रककडे बघत नवऱ्याला मायलेज विचारतात. तो माझ्याकडे बोट दाखवतो. मग ते रोडस्टरकडे वळून मला म्हणतात, "वहिनी, गोड आहे हं तुमची गाडी." त्यानंतर चहा होईपर्यंत गाड्यांचा विषय निघत नाही.

खरं तर मामला सरळ असायला हवा. पिकअप ही कष्टाची गाडी. फोर्डने 1925 मध्ये मॉडेल टीच्या पाठीवर कारखान्यातूनच छोटा हौदा बसवून द्यायला सुरुवात केली, ती शेतकऱ्याने त्यात बटाटे भरावेत म्हणून. रोडस्टर ही मौजेची. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमधून, ज्यांची आद्याक्षरं पुढे एमजी म्हणून गाजली, निघालेल्या या दोन सीटच्या गाड्यांत बटाटे सोडा, सासूबाईंची बॅगसुद्धा मावत नाही. पण आमच्या घरात चित्र उलटं आहे. कष्टाची गाडी मला गरम सीटवर बसवून ऑफिसला नेते आणि दिवसभर पार्किंगमध्ये लोळत पडते. मौजेच्या गाडीने मात्र एका सुशिक्षित, डायबिटीसच्या काठावरच्या माणसाला शनिवार-रविवार जमिनीवर आडवं पाडून कामाला लावलंय.

त्याची ही मजुरी बघण्यासारखी असते. एमजीबीला दोन कार्बुरेटर आहेत. दोघांच्या डोक्यावर काळी टोपणं असतात; ती फिरवून काढायची आणि आत थोडं तेल घालायचं. इंजिनाला तेल लागतं हे मला माहीत होतं. कार्बुरेटरलाही वेगळं लागतं, ही माहिती लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मिळाली. तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही कार्बुरेटर सारखी हवा ओढताहेत ना, हेही बघावं लागतं. त्यासाठी एक रबरी नळी घ्यायची, एक टोक आपल्या कानात आणि दुसरं चालू इंजिनात कार्बुरेटरच्या तोंडाशी. एकाचा 'स्स्स' ऐकायचा, मग दुसऱ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा. स्क्रू अर्ध्या अंशाने फिरवायचा. पुन्हा 'स्स्स'. घरात मी तीनदा जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, पण डावीकडचा कार्बुरेटर उजव्यापेक्षा किंचित जास्त श्वास घेतोय हे या माणसाला कळतं.

बॅटरीची आणखी एक तऱ्हा. या सालच्या एमजीबीला बारा व्होल्टची एक बॅटरी नसते. सहा-सहाच्या दोन असतात, आणि त्या बॉनेटखाली नसून सीटच्या मागे, गालिच्याखाली, झाकणाच्या आत निजलेल्या असतात. गाडी सुरू होत नसेल तर आधी सीट पुढे, मग छत्री, जाकीट, नकाशे बाहेर, मग गालिचा, मग झाकण. तोवर मूळ कुठे जायचं होतं त्याचा विसर पडलेला असतो. पाने सगळे इंचातले. आमच्या घरचे मिलिमीटरचे पाने या गाडीने एका झटक्यात सेवानिवृत्त केले. गाडीखाली हापूसच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून ठेवलेला असतो. पन्नाशी उलटलेली गाडी, थोडंफार ठिबकणारच. रोज सकाळी नवरा चहाचा कप घेऊन जातो आणि 'रत्नागिरी' या अक्षरांवर कालपेक्षा डाग वाढलाय का ते बघतो. 'र' आणि 'त्ना' केव्हाच गेले.

माझ्या ट्रकला यातलं काही लागत नाही. बटण दाबलं की तो सुरू होतो, एवढंच त्याचं चरित्र. साडेतीन लिटरचं इंजिन, दोन टर्बो, चारशे अश्वशक्ती, दहा गिअर. ते गिअर कधी पडतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. लांबी पावणेसहा मीटरच्या पुढे, म्हणून तो गॅरेजात मावत नाही आणि बर्फात बाहेर उभा असतो. आणि गॅरेजात, उबेत, पांघरूण घेऊन कोण असतं हे सांगायला नको.

आता ओझ्याचं. ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या ट्रकचा आकडा किलोत सव्वासातशेच्या आसपास जातो. हे वाचलं त्या दिवशी मला आपला टाटा एस आठवला, अख्खा महाराष्ट्र ज्याला छोटा हत्ती म्हणतो तो. 2005 मध्ये तो आला तेव्हा दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन, सोळा अश्वशक्ती आणि पाऊण टन माल. म्हणजे कागदावर माझा चारशे अश्वशक्तीचा ट्रक आणि मार्केट यार्डातला सोळा अश्वशक्तीचा छोटा हत्ती साधारण सारखंच ओझं वाहतात. आणि छोट्या हत्तीवाले तो पाऊण टनाचा आकडा किती गांभीर्याने घेतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातून आणखी मजा म्हणजे छोट्या हत्तीची लांबी तीन मीटर ऐंशी आणि नवऱ्याच्या एमजीबीची तीन मीटर नव्वदच्या जवळपास. ही तुलना मी एकदा जेवताना त्याला ऐकवली. आमटी वाढून घेतल्यानंतरही तो बराच वेळ बोलला नाही.

न्यायाने सांगायचं तर ट्रकची खरी ताकद पाठीवर वाहण्यात नाही, मागे ओढण्यात आहे. नीट सामग्री लावली तर हे मॉडेल सहा टनांहून जास्त ओढू शकतं. ही ताकद आम्ही वापरलीही आहे. टपालाने मागवलेली नवीकोरी रबरी नळी बसवून नवरा लेक ह्युरॉनच्या किनाऱ्याने हिंडायला निघाला होता. आधीची नळी पुष्कळ वर्षं टिकली होती आणि केवळ वयाकडे बघून तिला काढलं होतं. नवी वाटेतच फुटली. मी ट्रेलर भाड्याने घेऊन गेले, रोडस्टर वर चढवली आणि घरी आणली. माझ्या ट्रकने आजवर ओढलेलं सर्वांत जड ओझं म्हणजे नवऱ्याची मौज. वाटेत तो शेजारी बसून आरशातून मागे बघत म्हणाला, "ट्रेलरवर किती छान दिसते नाही?" मी रेडिओ लावला.

सासूबाई कराडहून आल्या तेव्हा दोन्ही गाड्यांचा निकाल लागला. त्यांच्या मनात 'पिकअप' म्हणजे पहाटे कोबी-फ्लॉवर घेऊन बाजार समितीत जाणारी पांढरी गाडी. "अगं, भाजीच्या गाडीतून देवळात न्यायची मला?" असं म्हणत त्या ट्रकपाशी आल्या आणि थबकल्या. सीट त्यांच्या छातीला लागत होती. फूटबोर्डावर एक पाय, खांबाच्या मुठीला एक हात, मागून माझा खांदा, असं करत त्या चढल्या आणि वर गेल्यावर मात्र प्रसन्न झाल्या. "सगळ्यांच्या गच्च्या दिसतात की इथून!" दुसऱ्या रविवारी मुलाने हट्टाने रोडस्टरमध्ये बसवलं. त्यात बसायची क्रिया नसतेच, खाली सोडून द्यायचं असतं. त्या गेल्या खाली. बाहेरून नुसता अंबाडा दिसत होता. चक्कर मारून आल्यावर त्यांना वर काढायला आम्ही दोघं आणि शेजारीण लागलो. श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "एक गाडी चढू देत नाही, दुसरी उतरू देत नाही. तुमच्याकडे माणसांसाठी काही आहे का?"

हा प्रश्न तसा अमेरिकेच्या संसदेलाच विचारायला हवा. या दोन गाड्यांचे आकार रस्त्याने ठरवलेले नाहीत, कायद्याने ठरवलेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यात इथे धडक आणि धुराचे नवे नियम आले. एमजीबीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिका, त्यामुळे तिने ते निमूट पाळले. 1974 च्या अखेरीला तिचे चकचकीत क्रोमचे बंपर गेले आणि काळे रबरी ठोकळे आले. शिवाय उंचीच्या नियमासाठी तिला इंच-दीड इंच वर उचललं, म्हणजे वळणावर नीट बसणारी गाडी आता डुलायला लागली. धुराच्या नियमांनी इंजिनाचा दमही काढून घेतला. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनचा तिचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. तिचे बंपर बदलले त्याच सुमारास, 1975 च्या मॉडेलांत, फोर्डने एफ-150 आणली. धुराचे काही नियम सहा हजार पौंडांखालच्या गाड्यांना लागू होते. ही नवी गाडी भरल्या वजनाने त्या रेषेच्या जराशी वर बसवली होती. एकीने कायदा पाळला आणि ती मेली. दुसऱ्याने नुसतं वजन वाढवलं आणि 1977 पासून ही मालिका अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे. आमच्या घरात वजनाचा विषय निघाला की मी हे उदाहरण देते.

त्याआधीची कोंबडीची गोष्ट तर कीर्तनात सांगण्यासारखी. साठच्या दशकात अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांनी युरोपचा बाजार भरला, म्हणून युरोपने कोंबडीवर जकात बसवली. चिडून अमेरिकेने 1964 पासून काही परदेशी मालावर पंचवीस टक्के कर लावला. त्यात बटाट्याचा स्टार्च होता, ब्रँडी होती आणि हलके ट्रक होते. बाकीच्यांवरचा कर कधीच उठला. ट्रकवरचा 'चिकन टॅक्स' मात्र ठाण मांडून बसला. परदेशी छोटे ट्रक इथे महाग झाले आणि देशी ट्रक निवांत फुगत गेले. यातून वाट काढायला जपानच्या सुबारूने आपल्या छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लास्टिकच्या सीटा ठोकल्या आणि जाहीर केलं की हा ट्रक नव्हेच, ही प्रवासी गाडी. तिचं नाव 'ब्रॅट', आणि तशी एक रोनाल्ड रेगन यांच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर होती. म्हणजे माझ्या दारातल्या पावणेसहा मीटरच्या मुळाशी कुठेतरी जर्मन ताटातली एक स्वस्त तंगडी आहे. मी शाकाहारी आहे. मला हे लागतं.

रोडस्टरच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. ट्रककडे बघून कधी कोणी हसत नाही. आमच्या भागात प्रत्येक दुसऱ्या दारात तो असतोच. रोडस्टर मात्र पेट्रोल पंपावर थांबली की कुठून तरी एक सत्तरीचे गृहस्थ प्रकट होतात. टोपी मागे सारतात, एक हात दारावर ठेवतात आणि म्हणतात, "माझ्याकडे होती अशी." मग रंग सांगतात. मग कोणत्या साली, कोणत्या मुलीला घेऊन, कोणत्या तळ्याकाठी. आणि शेवट नेमाने ठरलेला : "पहिलं मूल झालं आणि विकली." आवाजात त्या मुलाबद्दलचा राग अजून ताजा असतो. दोन सीटच्या गाडीत तिसरं माणूस आलं की गाडी जाणार, हा हिशेब साधा आहे. आमचं लग्न टिकण्याचं एक कारण म्हणजे नवऱ्याने ही गाडी मुलगी कॉलेजला गेल्यावर घेतली.

पेट्रोल भरायला गेलेला माणूस या संभाषणांमुळे तासाभराने परततो. मी कधी कधी ट्रकमध्ये बसून बघते. तेच गृहस्थ डोळे पुसून माघारी वळतात आणि आपल्या भल्यामोठ्या पिकअपवर चढतात. तिचाही हौदा रिकामाच असतो.

आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा वेगळाच गोंधळ. "एमजी? आमच्याकडे पण आहे की, हेक्टर." बरोबर आहे त्यांचं. ते नाव फिरत फिरत चिनी मालकांकडे गेलं आणि 2019 पासून त्या अष्टकोनी बिल्ल्याच्या गाड्या गुजरातेत हलोलला बनून भारतात विकल्या जातात. एक मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आमचीला एवढं मोठं काचेचं छत आहे. तुमचीला?" नवऱ्याने कॅमेरा वर करून आभाळ दाखवलं. तेवढ्यात पाऊस आला आणि कॉल तुटला.

मिशिगनमध्ये रोडस्टरला सहा महिन्यांचा चातुर्मास असतो. डेट्रॉइटच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची जुनी खाण आहे, आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ ओततात. ते पत्र्याला लागलं की गंज. म्हणून पहिल्या बर्फाआधी देव झोपतात आणि एप्रिलच्या पावसाने रस्ते धुऊन निघाल्यावर उठतात. उरलेल्या महिन्यांत सरकार आडवं येतं. पंचवीस वर्षांहून जुनी गाडी 'ऐतिहासिक' म्हणून नोंदवली की स्वस्तातली नंबरप्लेट मिळते, पण मग ती रोजच्या ये-जा करायला वापरायची नाही. प्रदर्शन, क्लबची सहल, मिरवणूक आणि यांत्रिक चाचणी एवढंच चालतं. अपवाद ऑगस्टचा, त्या महिन्यात खुशाल फिरवा. नवऱ्याच्या बाबतीत हा कायदा फारच सैल आहे. त्याची प्रत्येक फेरी ही यांत्रिक चाचणीच असते, आणि गाडी बहुतेक वेळा नापास होते.

ऑगस्टातच वुडवर्ड ड्रीम क्रूझ येते. 1995 मध्ये फर्नडेलमध्ये फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झालेला हा जुन्या गाड्यांचा उरूस आता मैलोन्‌मैल पसरतो. वुडवर्ड अव्हेन्यूच्या दुतर्फा लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसतात. नवऱ्याबरोबर मी त्यात एकदा रोडस्टरमधून गेले. सिग्नलला उजवीकडे एक पिकअप येऊन थांबली. ड्रायव्हर दिसेना, दारही दिसेना. माझ्या डोळ्यांसमोर तिचं चाक होतं. चाकाला सहा नट होते आणि एका नटाच्या खाचेत वाळलेल्या चिखलात गवताची एक काडी अडकली होती, एवढं मला स्वच्छ दिसलं. आणि लक्षात आलं की वर बसलेल्याला मी दिसतच नाहीये. एरवी त्या उंचीवर मी असते. आमच्या आजूबाजूने रोज किती रोडस्टर, सायकली आणि पोरं जात असतील आणि मी खुशाल कॉफी पीत असेन, हा विचार काही बरा नव्हता. त्या दिवसापासून पार्किंगमधून निघताना मी चारही कॅमेरे बघते, आणि वर काच खाली करून ओरडतेही.

ट्रकला काम मिळालं ते आमच्या मराठी मंडळामुळे. इथे ट्रक असलेल्या माणसाला मंडळाची निवडणूक लढवावी लागत नाही. त्याला थेट कार्यकारिणीत ओढतात. मखर, सतरंज्या, पाचशे माणसांच्या मसालेभाताची पातेली, नाटकाचा सोफा, सगळं माझ्या हौद्यातून जातं. हौद्यात विजेचे प्लग आहेत, दोन किलोवॅटचे. एका सहलीला तिथेच मिक्सर लावून ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. टेक्सासात 2021 च्या फेब्रुवारीतल्या थंडीत वीज गेली तेव्हा लोकांनी अशा ट्रकवर घरं चालवली होती. आम्ही चटणीवर समाधान मानलं.

आणि मग नवऱ्याने मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला की यंदा बाप्पा रोडस्टरमधून येतील. त्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते, म्हणजे ऑगस्टची मोकळीक नाही. त्याने शांतपणे कायद्याचा कागद काढला : मिरवणूक चालते. खजिनदारांनी विचारलं, पाऊस आला तर शाडूच्या मूर्तीचं काय? ठरलं, मागे ट्रक राहील.

बाप्पा इंग्रजांच्या गाडीत उजव्या सीटवर, पट्टा बांधून, मांडीवर उशी घेऊन बसले. नवरा कुर्त्यात. मी मागून पातेली, मखर आणि लेझीमवाल्या पोरींसह चारशे घोडे आवरत ताशी पंधरा मैलांनी चाललेली. देवळाच्या अलीकडच्या चौकात पोलिसाने हात दाखवला. नवऱ्याने घाईघाईने इंजिन बंद केलं आणि कागद काढायला लागला. चाळिशीचा, दांडगा पोलीस होता. नंबरप्लेट बघितली, बाप्पांचा पट्टा तपासला, मग एक हात दारावर ठेवला.

"माझ्या वडिलांकडे होती अशी," तो म्हणाला. "मी झालो आणि विकली. अजून बोलून दाखवतात."

नवऱ्याने त्याला रंग विचारला. पिवळा. मग बॉनेट उघडलं गेलं. मागे मी, माझ्यामागे पंधरा-वीस गाड्या. बॉनेट मिटल्यावर किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. आदल्या रात्री गाडी सजवताना नवऱ्याने दिवे चालू ठेवले होते. आता सीट पुढे घेऊन गालिचा उचलायचा तर बाप्पांना उठवावं लागणार. खजिनदार माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही हळूच मागून टेकवता का ट्रक?" मी खिडकीतून खाली बघितलं. माझ्या बॉनेटपुढे नवऱ्याचं टक्कलसुद्धा दिसत नव्हतं.

शेवटी लेझीमवाल्या पोरी उतरल्या, खजिनदारांनी धोतर खोचलं, आणि पोलिसाने टोपी काढून ट्रकच्या फूटबोर्डावर ठेवली. ढकलताना आम्ही काय ओरडतोय ते त्याने एकदा विचारून घेतलं. दुसऱ्या 'मोरया'ला इंजिन लागलं. टोपी परत द्यायला मी खाली उतरले तेव्हा त्याचा एक हात ग्रीसने काळा झाला होता आणि दुसऱ्या हाताने तो वडिलांना फोन लावत होता.